लाल कॉन्सन्ट्रेट, बॅटरीचं पाणी आणि रिफ्रॅक्टोमीटर : जानेवारीत काझाला जाऊन आल्यावरचा रिव्ह्यू

डिसेंबरात नाना पेठेतून तीन वस्तू घेतल्या. लाल रंगाच्या ओएटी (ही कूलंटची एक जात, पुढे सांगतो) कूलंट कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे पाणी न मिसळलेल्या कूलंटचा, ५ लिटरचा कॅन, डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आणि एक हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे दोन थेंबांवरून कूलंट किती थंडीत गोठेल ते दाखवणारं यंत्र. कॉन्सन्ट्रेट मला लिटरमागे साधारण चारशेला पडलं, रिफ्रॅक्टोमीटर बाराशेला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या गावात तो मिळेलच असं नाही आणि तसाच माल चार-पाच चांगल्या कंपन्या बनवतात, तेव्हा नाव बघण्यापेक्षा डब्याच्या मागे काय छापलंय ते बघायला शिकलात तर कुठल्याही दुकानात अडणार नाही. आधी सांगतो की तिन्ही वस्तूंचे पैसे वसूल झाले, आणि सगळ्यात जास्त रिफ्रॅक्टोमीटरचे.

झालं असं. आम्ही तीन गाड्या घेऊन जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीला जाणार होतो, शिमला–रामपूर–नाको–ताबो करत काझा. काझा ३७०० मीटरच्या आसपास आहे आणि जानेवारीत रात्री उणे २० च्या खाली जातं. माझी गाडी आत्ताच्या काळातली डिझेल फोर बाय फोर आहे, अॅल्युमिनियम रेडिएटर, प्लास्टिकच्या टाक्या. निघायच्या आधी एका गॅरेजमधे कूलंट बदलून घेतलं. त्यांनी जुनं काढलं, साध्या पाण्याने दोनदा फ्लश मारला, आणि ५० टक्केवालं रेडी मिक्स (निम्मं पाणी आधीच मिसळलेलं कूलंट) वरपर्यंत भरून दिलं. डबा नवा, सील माझ्यासमोर तोडलेलं, माल खरा. मी निश्चिंत होतो.

दोन दिवसांनी नवा रिफ्रॅक्टोमीटर हाताळून बघायचा म्हणून थंड गाडीचं झाकण उघडलं, ड्रॉपरने दोन थेंब काचेवर टाकले, उजेडाकडे धरून बघतो तर रेषा उणे १६ वर. मला वाटलं यंत्रच खराब आहे. डिस्टिल्ड वॉटर टाकून बघितलं, बरोबर शून्य. उरलेल्या रेडी मिक्सचा थेंब टाकला, उणे ३७. म्हणजे डबा बरोबर, यंत्र बरोबर आणि गाडीतलं मात्र उणे १६! रात्री कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

हिशोब असा. माझ्या गाडीत एकूण ८ लिटर बसतं (तुमचा आकडा मॅन्युअलमधे बघा). रेडिएटरखालचा ड्रेन कॉक उघडला की बाहेर पडतं जेमतेम ५ लिटर. उरलेलं ३ लिटर इंजिन ब्लॉकमधे आणि हीटरच्या पाइपांत बसून राहतं, आणि फ्लश साध्या पाण्याने मारला असेल तर ते ३ लिटर म्हणजे साधं पाणी. त्यावर ५ लिटर ५० टक्केवालं ओतलं की ग्लायकॉल (कूलंटमधलं गोठू न देणारं मुख्य द्रव्य) येतं अडीच लिटर. आठात अडीच म्हणजे ३१ टक्के. ३१ टक्क्याला गोठणबिंदू बरोबर उणे १६-१७. कोणी फसवलं नव्हतं, फक्त ब्लॉकमधलं पाणी कोणी मोजलं नव्हतं. आणि हे बहुतेक गॅरेजमधे असंच होतं, कारण पुण्यात त्याने काहीच बिघडत नाही. बिघडतं ते नाकोला पोचल्यावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, फ्लश केल्यानंतर पहिली भरणी कॉन्सन्ट्रेटचीच पाहिजे. एकूण क्षमतेच्या निम्मं शुद्ध कॉन्सन्ट्रेट आधी ओता (८ लिटरच्या गाडीत ४ लिटर), मग वर डिस्टिल्ड वॉटर जेवढं बसेल तेवढं. आतलं अडकलेलं पाणी आपोआप दुसऱ्या निम्म्यात धरलं जातं. आणि फ्लशचं शेवटचं पाणी तरी डिस्टिल्डच असू द्या, कारण तेच आत राहणारे. रेडी मिक्स वाईट नाही, वर्षातून पाव-अर्धा लिटर टॉपअप करायला त्याच्याइतकं सोपं काही नाही, पण रिकाम्या न झालेल्या इंजिनात ते पूर्ण भरणीसाठी वापरलं की पातळ होणारच.

मी मग दुरुस्ती कशी केली तेही लिहितो कारण पुन्हा सगळं काढायची गरज नसते. सव्वा दोन लिटर काढून टाकलं आणि तेवढंच शुद्ध कॉन्सन्ट्रेट भरलं. ३१ टक्क्याचं पावणेसहा लिटर उरलं त्यात ग्लायकॉल १.८, त्यात सव्वा दोनची भर, झालं ४ लिटरच्या वर. हीटर फुल गरमवर ठेवून २० मिनिटं गाडी चालवली, थंड झाल्यावर मोजलं, रेषा उणे ३७ ला टेकली तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता कॉन्सन्ट्रेट निवडायचं कसं. दुकानात पहिला प्रश्न येतो "हिरवं देऊ की लाल?" आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते. रंग म्हणजे नुसता डाय आहे, ग्लायकॉलला स्वतःचा रंगच नसतो. टोयोटाचं सुपर लाँग लाइफ गुलाबी असतं, होंडाचं टाइप २ निळं, ग्लायसँटिनचं जी ४८ निळं-हिरवं, आणि रंग वेगळे असले तरी पहिली दोन आतून एकाच जातीची, फॉस्फेटवाली, तर जी ४८ सिलिकेटवालं. तेव्हा "माझ्यात हिरवं होतं म्हणून हिरवं टाकलं" याला काही अर्थ नाही.

बघायचं ते अॅडिटिव्ह, म्हणजे गंज लागू नये म्हणून ग्लायकॉलमधे घातलेली द्रव्यं. जुन्या पद्धतीचं ज्याला आयएटी म्हणतात त्यात सिलिकेट वगैरे असतात, ते धातूवर पटकन थर धरतात पण लवकर संपतात, दोन वर्षांत बदलावं लागतं. ओएटी म्हणजे ऑरगॅनिक आम्लांवालं, ते हळू काम करतं पण टिकतं, साधारण पाच वर्षं. मधलं एचओएटी म्हणजे दोन्हीचं मिश्रण, त्यात युरोपवाले सिलिकेट घालतात आणि जपानवाले फॉस्फेट. युरोपात पाणी जड, फॉस्फेट जड पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर खवले धरतं म्हणून त्यांना ते नको. आपल्याकडे बोअरचं पाणी टाकायची सवय ज्यांना आहे त्यांनी हे वाक्य परत वाचा.

मी ओएटी घेतलं कारण माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधे तेच लिहिलंय आणि सगळं अॅल्युमिनियम आहे. पण आमच्या ग्रुपमधल्या मित्राची ९० च्या दशकातली जीप आहे, तिचा रेडिएटर पितळी, डागाने (सोल्डरने) जोडलेला. शिशाचं डाग असलेल्या जुन्या रेडिएटरला शुद्ध ओएटी मानवत नाही असं जुने रेडिएटरवाले सांगतात आणि त्यात तथ्य आहे, तिथे सिलिकेटवालं जुनं आयएटीच बरं, फक्त दर दोन वर्षांनी न चुकता बदलायचं. नवीन महाग ते सगळ्यांना चांगलं असं इथे होत नाही.

डब्यावर आणखी दोन गोष्टी वाचा. एक, आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यातला एखादा स्टँडर्डचा नंबर लिहिलेला असावा. दोन, "इथिलीन ग्लायकॉल" हे शब्द आणि मिसळायचं प्रमाण. आपल्याकडे खूप डब्यांवर १:३ असं प्रमाण छापलेलं असतं, म्हणजे एक भाग कूलंट तीन भाग पाणी, म्हणजे २५ टक्के. महाराष्ट्रात रोजच्या वापराला, गंज लागू नये एवढ्यासाठी, ते चालून जातं, पण २५ टक्के म्हणजे उणे १२. नुसता "कूलंट" शब्द वाचून अँटिफ्रीझ समजू नका. हायवेवरच्या एका दुकानातून रेडी टू यूज म्हणून घेतलेली एक बाटली मी नंतर मोजली, ती उणे ६ निघाली. सुंदर हिरवागार रंग आणि आत जवळजवळ पाणी!

आकडे लक्षात ठेवायचे तर एवढेच ठेवा (इथिलीन ग्लायकॉल, मापाने मिसळलेलं): ३० टक्के उणे १५, ४० टक्के उणे २४, ५० टक्के उणे ३७, ६० टक्के उणे ५२ च्या आसपास. आता इथे कोणाला वाटेल मग १०० टक्केच का भरू नये, पाण्याची भानगडच नको. तर शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं! पाण्यात मिसळल्यावरच दोघं एकमेकांना गोठू देत नाहीत. शिवाय उष्णता वाहून न्यायचं खरं काम पाणी करतं, ग्लायकॉल जेवढं वाढवाल तेवढी गाडी गरम चालेल. एका ओळखीच्याने "स्ट्राँग" व्हावं म्हणून ७०-३० भरलं होतं आणि मग मे महिन्यात वरंधा घाटात काटा वर का जातो म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) सगळं बदलत बसला. ४० ते ६० च्या बाहेर जाऊ नका, नेहमी सह्याद्रीतच फिरणारे असाल तर ४० भरपूर झालं.

ऑफरोडवाल्यांना हे जास्त का लागतं तर आपण लो रेशोत (फोर बाय फोरच्या हळू पण जोरदार गिअरमधे) ताशी पाच-सात किलोमीटरने तासभर चढतो, समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यावर. त्यात मुळशीकडच्या पावसाळी ट्रेलवर रेडिएटरच्या जाळीत चिखल भरतो. तो चिखल वाळायच्या आत इंजिनच्या बाजूने समोरच्या दिशेने कमी प्रेशरच्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशरने समोरून मारलं तर फिन्स आडव्या होतात आणि चिखल आणखी आत बसतो. उत्तम कूलंट आणि बुजलेली जाळी याचा उपयोग शून्य.

उंचीचं एक गणित मला या ट्रिपमुळे नीट कळलं. काझाच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ८८ अंशालाच उकळतं. इंजिन चालतं ८५ ते ९५ ला. म्हणजे रेडिएटरची कॅप जर प्रेशर धरत नसेल तर बाहेर बर्फ असताना पण आत पाणी उकळणार. १.१ बारची कॅप चांगली असेल तर तिथेही साधं पाणी ११५ च्या पुढे जातं आणि ५० टक्के मिश्रण त्याच्याही वर. दीड-दोनशे रुपयांची कॅप, रबर कडक झालं असेल तर बदलून टाका, विचार करू नका.

पाण्याबद्दल. बॅटरीचं पाणी म्हणून जे मिळतं ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड असतं, तेच घ्या, पण नीट बघून, शेजारीच बॅटरीचं अॅसिड ठेवलेलं असतं. आरओचं पाणी चालतं का असं सगळे विचारतात, अडीअडचणीला चालेल पण त्यात क्षार राहतात, आणि एसीच्या नळीचं पाणी साठवून वापरणारे आहेत त्यांनी ते झाडांना घालावं, गाडीत नको, कॉइलवरची धूळ आणि धातू त्यात उतरतो. ५ लिटरचा कॅन शंभर-दीडशेत मिळत असताना इंजिनच्या बाबतीत एवढी काटकसर कशाला.

मिसळायचं काम गाडीत न करता बाहेर स्वच्छ प्लास्टिकच्या कॅनमधे करा (पहिल्या भरणीचा वरचा हिशोब सोडून). कॅप गरम इंजिनावर उघडायची नाही, हे माहीत असून दरवर्षी कोणीतरी हात भाजून घेतो. गाडी थोडी चढावर, तोंड वर करून उभी करा, हीटर फुल गरम, हळूहळू ओता, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे बंद होईपर्यंत थांबा, मग आयडलला ठेवून वरचा होज पाइप हाताला गरम लागेपर्यंत चालू द्या, मधे मधे पाइप दाबत राहा. एअर लॉक राहिला तर हीटर थंड हवा फेकतो, ती खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत लेव्हल परत बघा, हमखास थोडी खाली गेलेली असते.

आता नाकोची सकाळ. आम्ही पोचलो त्या रात्री प्रचंड थंडी होती, सकाळी माझी गाडी दोन सेल्फमधे लागली. पितळी रेडिएटरवाल्या मित्राच्या जीपची रिझर्व बाटली हलवली तर आत बर्फाचा गोळा, चोथ्यासारखा. त्याचं कारण दोन दिवस आधीचं. रामपूरला खालच्या होजची क्लिप सैल होऊन तीन-एक लिटर सांडलं, तिथल्या तिथे नवीन क्लिप बसवून नळाचं पाणी भरलं, "पुढे बघू" म्हणून निघालो आणि सगळेच विसरलो, मी पण, पिशवीत रिफ्रॅक्टोमीटर असताना. याची मला अजून रुखरुख आहे.

त्याने चावी फिरवायच्या आधी मी ओरडलो, "थांब, चालू करू नकोस!" कारण असा चोथा झालेला असताना इंजिन चालू केलं तर पाणी फिरत नाही, रेडिएटर गोठलेला आणि ब्लॉक तापतोय, उणे १५ मधे हेड गॅस्केट उडू शकतं. शिवाय पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, वॉटर बॉडीचा पंखा चोथ्यात अडकला तर बेल्ट जातो. नुसता चोथा होता म्हणून वाचलो, पूर्ण दगड झाला असता तर कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) बाहेर आले असते नाहीतर ब्लॉकलाच चीर गेली असती. होमस्टेवाल्या काकांनी दोन जाड घोंगड्या दिल्या, त्या बोनेटवर टाकल्या, जीप ढकलत उन्हाच्या बाजूला नेली, आणि अकरापर्यंत चहा पीत वाट बघितली. गरम पाणी ओतू का असं एकाने विचारलं, त्याला साफ नाही म्हटलं, गार ओतीव लोखंडावर उकळतं पाणी म्हणजे तडा ठरलेला.

पातळ झाल्यावर मोजलं, उणे १२. अडीच लिटर काढून माझ्या कॅनमधलं कॉन्सन्ट्रेट भरलं, मोजमाप उणे ३३ ला आलं. हो, त्याच्यात हिरवं आयएटी आणि माझं लाल ओएटी, दोन वेगळ्या जाती मिसळल्या, एरवी मी हे कधीच करू देणार नाही, अॅडिटिव्ह एकमेकांना मारतात आणि काही जोड्यांत जेलीसारखं होतं. पण रात्री उणे २० येणार असताना ग्लायकॉल महत्त्वाचं, अॅडिटिव्हचं परत आल्यावर बघता येतं. काझात चार रात्री काढल्या, जीप रोज सकाळी लागली. डिझेल दाट व्हायचा त्रास वेगळा होता, पण तो विषय स्वतंत्र आहे.

या एका प्रसंगासाठी मी म्हणतो की प्रत्येक ग्रुपमधे किमान दोन लिटर कॉन्सन्ट्रेट जवळ असायलाच पाहिजे. रेडी मिक्सने त्या दिवशी काम झालं नसतं, उणे १२ ला ५० टक्केवालं अडीच लिटर ओतून फार तर उणे १८ पर्यंत आलं असतं.

रिफ्रॅक्टोमीटरबद्दल थोडं, कारण लोक तो घ्यायला कां कू करतात. आत तीन-चार पट्ट्या असतात, इथिलीन, प्रॉपिलीन, बॅटरी अॅसिड. तुमचं कूलंट इथिलीनचं असेल तर इथिलीनचीच पट्टी वाचा, प्रॉपिलीनची वाचलीत तर आकडा चुकतो. ऑटोमॅटिक टेंपरेचर कॉम्पेन्सेशनवाला घ्या. दर वेळी आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावा, वर छोटा स्क्रू असतो. काच पुसून कोरडी करा, ओल राहिली की वाचन पातळ येतं. रंगीत गोळ्या तरंगणारं दीड-दोनशेचं टेस्टर पण मिळतं, नसल्यापेक्षा बरं, पण गोळीला बुडबुडा चिकटला किंवा पाणी कोमट असलं की काहीही सांगतं. माझी एकच तक्रार म्हणजे सोबतची डबी तकलादू आहे, बिजागर आठ दिवसांत तुटलं, मी आता चष्म्याच्या घरात ठेवतो. आणि हा फक्त ग्लायकॉल मोजतो, अॅडिटिव्ह संपलेत का ते सांगत नाही, त्यामुळे वर्षं मोजायला डायरी हवीच.

कॉन्सन्ट्रेटच्या कॅनबद्दल पण एक तक्रार, तोंडाला नळी दिलेली नाही, थंडीत हातमोजे घालून ओतताना सांडतं. आणि सांडलेलं कूलंट ही साधी गोष्ट नाही हो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विष असतं, मूत्रपिंडं निकामी करतं. आपण थांबतो तिथे ढाब्यावरची कुत्री असतात, गुरं असतात, मुलं असतात. नाकोला काढलेलं अडीच लिटर आम्ही रिकाम्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधे भरून, वर मार्करने विष लिहून, पुण्यापर्यंत परत आणलं, तिथल्या ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतायचा प्रश्नच नव्हता. पुण्यात जुनं ऑइल-कूलंट जमा करून अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या एका वर्कशॉपमधे दिलं, त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आता कॅनमधे पाव लिटर उरलंय. पुढच्या रविवारी मित्राची जीप पूर्ण फ्लश करायची आहे, लाल-हिरवं सगळं बाहेर, शेवटचे दोन फ्लश डिस्टिल्डचे, आणि साडेचार लिटर आयएटी कॉन्सन्ट्रेट आधी, मग पाणी. क्लिपा चारही नवीन आणून ठेवल्यात.